मासळीचा बर्फ

बाबा, आज ताईंनी मला सगळ्यांसमोर बर्फ चाखायला लावला. ताई म्हणजे तुमच्या हाताखाली शिकलेल्या, आता आमच्या सेक्शनच्या प्रमुख. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी माझगावच्या त्याच जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपात लागले, तेव्हा तिथे तुम्ही आधीच दुसऱ्या कुणाचे तरी झालेले होतात.

इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणारा नवा सेन्सर ट्रान्समीटरला जोडून तपासायचा होता. तीन वायरी, दोन लाल, एक पांढरी. मीटर लावून पाहिलं, जोडल्या, स्क्रू आवळून प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहिली. "अगदी सरांसारखी ओढतेस," ताई म्हणाल्या. मला ते आवडायला हवं होतं. पण हे मी ताईंचं बघून शिकले, तुमचं नाही. मला तुम्ही मीटरला हात लावू दिला नाहीत. "बँकेच्या परीक्षा दे, हे पोरींचं काम नाही," म्हणालात, आणि दुसऱ्याच्या पोरीला शेजारी बसवून शिकवलंत. तिच्याशी थट्टामस्करीही करत होतात म्हणे. तुमचे विनोद ताई सांगतात तेव्हा सगळे हसतात, मीही हसते. आपल्या लालबागच्या खोलीत त्यातला एकही कधी आला नाही.

मग बर्फाची चाचणी. कुटलेल्या बर्फात सेन्सर बुडवला की शून्य अंश, म्हणजे ट्रान्समीटरने चार मिलिअँपिअर दाखवायचे. तो तीन पॉइंट सातवर अडून बसला. बर्फ ढवळला, तरी तेच. ट्रान्समीटरच बिघडलाय असं धरून मी त्याचं शून्य वर सरकवायला घेतलं.

"थांब. बर्फ कुठला हा?"

"आपला फ्रिज बंद आहे ना, धक्क्यावरून आणला. मासळीवाल्या मावशीने फुकट दिला."

"फुकट नाही गं, मीठ लावून दिलाय. चाख."

चाखला. खारट. मिठाचा बर्फ शून्याच्याही खाली जातो. सेन्सर खरंच सांगत होता. मी शून्य सरकवलं असतं तर बोटीवर तो कायम खोटं बोलला असता, आणि इंजिन आहे त्याहून जास्त तापलेलं दिसलं असतं.

"सर म्हणायचे, मशीनला शिव्या घालण्याआधी बर्फ चाखा," ताई म्हणाल्या. त्यांनी तुमचाच आवाज काढला. चांगला काढतात. मला तो इतका आठवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि आपलं स्वयंपाकघर आठवलं. रविवार. तुम्ही मोरीशी बसून बांगड्यांची पिशवी सोडताय. बर्फाचा एक खडा तोंडात टाकता, एक माझ्या जिभेवर ठेवता. आई ओरडते, "अहो, मच्छीचा बर्फ तो. लहान आहात काय?" तुम्ही मला विचारता, "खारट?" मी मान डोलावते. "मग आपल्या कामाचा नाही," म्हणून तो मोरीत टाकता. आपल्या म्हणालात. कुठलं काम, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी हात धुताना ताईंनी विचारलं, "सर घरी पण शिकवायचे का गं असं काही?" त्यांना खरंच ऐकायचं होतं. नळ चालू ठेवून त्या थांबल्या होत्या.

"नाही," मी म्हटलं. "घरी ते कामाचं काही बोलायचे नाहीत."

तो खडा मला त्यांना द्यायचा नव्हता.