शेपटीखालची आकडी

बाबा, तुमचं ते आरमारी विमानाचं मॉडेल अजून माझ्या कपाटावर आहे, पंख मिटलेलं. जहाजावर जागा कमी म्हणून अशा विमानांचे पंख दुमडतात. घाटकोपरच्या आपल्या दीड खोलीत तुम्हाला हे फार पटलं होतं. बोटीवरच्या दोस्ताने त्याच्या सुट्या भागांचा खोका परदेशातून आणला तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. दर रविवारी तुम्ही ब्लेडने भाग सोडवायचात, मी पॉलिश पेपरने घासायचे. गमच्या उग्र वासाने माझं डोकं चढायचं. मी खिडकी उघडली की तुम्ही विचारायचात, "काय झालं?" मला वाटायचं, तुम्ही कामात गुंग आहात. कारखान्यात तर तुमच्या नाकाचा दबदबा होता. पाइपलाइनवरून नुसतं चालत जाऊन, कुठे गॅस गळतोय ते तुम्ही मीटरच्या आधी सांगायचात.

त्या रविवारी फक्त शेपटीखालची आकडी लावायची उरली होती. उतरताना ती डेकवरच्या दोरात अडकली नाही तर विमान सरळ समुद्रात, असं तुम्ही म्हणाला होतात. मी लायब्ररीतून येते. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, खोलीभर गॅस, आणि तुम्ही दोन हातांच्या अंतरावर बसून चिमट्यात आकडी धरलेली. "बाबा, गॅस!" मी बटण बंद करते, खिडकी उघडते. तुम्ही आधी शेगडीकडे बघता, मग गमची ट्यूब नाकाशी धरता. "ह्याला वास येतो?"

"डोकं फुटतंय त्याने."

"दिवाळीपासून मला कसलाच वास कळत नाही गं. कंपनीत सांगितलं तर गेटवर बसवतील."

तेवढ्यात आई शेजारून आली. "गॅसचो वास येता गो?"

"विमानाच्या गमचा आहे," मी म्हटलं.

"जळ्ळं तां इमान! बापाक नि चेडवाक, दोघांकय याड लागलाहा."

सोमवारी तुम्ही डबा घेऊन पहिल्या पाळीला गेलात. त्यानंतर रोज, तुमची चप्पल दाराशी वाजेपर्यंत माझं एक पान वाचून होत नसे. तरी मी बोलले नाही. शिमग्याच्या आधी कारखान्यात गळती झाली. ज्यांना वास आला ते मागे फिरले. तुम्ही वॉल्व्हपर्यंत चालत गेलात. बंद करायलाच गेले, जिवाची पर्वा केली नाही, असं सगळे म्हणाले. आई त्या वाक्यावर पुढची वीस वर्षं जगली. मी ते वाक्य कधी दुरुस्त केलं नाही.

आकडी मीच नंतर चिकटवली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुम्ही गप्प राहायला सांगितलंत, असं मी आजवर स्वतःला बजावत आले. तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. आईने विचारलं तेव्हा तुम्ही चिमटा खाली ठेवून तोंड उघडलं होतं. मी तुमच्याआधी बोलले. कॉलेजात मी सांगायचे, माझे बाबा प्लांटमध्ये ऑपरेटर आहेत. मला गेटवाल्याची मुलगी व्हायचं नव्हतं.