व्हर्जिनियाची पद्धत

कुवेत

चि. जुईली,

हे पत्र मी पाठवणार नाही. तू बाळंतपणाला भारतात सासरी आहेस; नवव्या महिन्यात तुला घोर लावायचा नाही.

शुक्रवारी फरवानियात आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक झाली. एरवी सगळे हात वर करतात, राजाभाऊ निवडून येतात आणि त्या गर्दीत कोणाचा हात खाली राहिला ते दिसत नाही. या वेळी अर्चना देवस्थळीही उभी होती. राजाभाऊ मला म्हणाले, "बाई, तुम्ही इतिहास शिकवलात, काही नवं सुचवा." मी अमेरिकेची पहिली अध्यक्षीय निवडणूक सांगितली. व्हर्जिनिया राज्यात तेव्हा मतदार निवडणूक घेणाऱ्या शेरीफसमोर उभा राहून आपल्या माणसाचं नाव मोठ्याने सांगत असे. राजाभाऊंनी टाळी वाजवली. "मग मीच शेरीफ!"

एकेक जण उठून राजाभाऊंचं नाव घेऊन बसला. तुझे सुशांतराव उठले आणि म्हणाले, "अर्चना देवस्थळी." राजाभाऊ हसले. "शाब्बास जावईबापू! कळलं तरी."

ऑफिसात राजाभाऊ सुशांतरावांचे साहेब आहेत. सुशांतरावांच्या इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणावर त्यांचीच सही लागते आणि मुदत याच महिन्यात संपते. "आई, मंडळ वेगळं, ऑफिस वेगळं," असं सुशांतराव म्हणतात.

आज राजाभाऊंचा फोन आला. आवाज अगदी गोड होता. तुझी आणि होणाऱ्या बाळाची चौकशी केली. मग म्हणाले, "बाई, जुईलीच्या परतीचं तिकीट काढलं नसेल ना? घाई करू नका."

तुझी,
आई