घरी बसून मोजलेले रुग्ण

प्रति,
मा. संचालक,
आरोग्य धोरण व नियोजन कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : दवाखान्यांची संध्याकाळची पाळी बंद करण्याचा निर्णय अर्जदाराच्या खोट्या आकड्यांवर उभा असल्याने तो मागे घेणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे दोन अर्ज व आपली दोन उत्तरे.

महोदय,

१. अर्जदार आपल्याच कार्यालयात सर्वेक्षण सहायक आहे. लाँड्रीच्या गल्लीतील दवाखान्यात संध्याकाळी पाच ते आठ किती रुग्ण येतात, हे सात दिवस मोजण्याचे काम गेल्या वर्षी त्याच्याकडे होते. पहिल्या दिवशी तेथील पाण्याचा पाइप फुटला होता, दार अर्धे लावलेले होते आणि चारच रुग्ण आले. उरलेले सहा दिवस अर्जदार तिकडे फिरकलाच नाही. तीन, पाच, चार असे आकडे त्याने घरी पलंगावर बसून ठोकून दिले. एका बैठकीत लिहिल्याचा संशय येऊ नये म्हणून तीन पेने वापरली. आजारपणाचे कारण पुढे करता आले असते. पण तसे काही नव्हते. कंटाळा आला होता, एवढेच.

२. त्या आकड्यांचा आलेख झाला, आलेखाचा अहवाल झाला आणि त्या एका दवाखान्यावरून अकरा दवाखान्यांची संध्याकाळची पाळी बंद झाली. अहवालाच्या मुखपृष्ठावर 'पुराव्याधारित निर्णय' असे छापले आहे. आकड्यांतील सातत्याबद्दल अर्जदारास प्रशस्तिपत्र मिळाले. हल्ली तो नव्या सहायकांना मोजणी शिकवतो. शिकवताना त्याची मान वर होत नाही.

३. पहिल्या अर्जात अर्जदाराने हे सर्व कबूल केले. 'पुराव्याअभावी कबुली ग्राह्य धरता येत नाही' असे उत्तर आले. दुसऱ्या अर्जासोबत त्याने दवाखान्याच्या नोंदवहीची प्रत जोडली. तीत त्या सात दिवसांचे, फक्त संध्याकाळचे, दोनशे सत्त्याऐंशी रुग्ण आहेत. नोंदवही मान्य पद्धतीने गोळा केलेली नाही, सर्वेक्षण मात्र विश्वासार्ह आहे, असे कळवून पुरावा म्हणून अर्जदाराच्याच सहीचा तक्ता परत जोडण्यात आला. आपल्या शाखेतील बडेबाबूंनी आपुलकीने समजावले, "अहो, तुम्ही खोटं लिहिलंत याला साक्षीदार तुम्हीच. आणि खोटं लिहिणाऱ्यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

४. अर्जदाराची सख्खी मावशी त्याच गल्लीत इस्त्रीचे काम करते. तिला मधुमेह आहे. पायाच्या जखमेचे ड्रेसिंग ती काम सुटल्यावर करून घेत असे. पाळी बंद झाल्यावर सकाळी जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती गेली नाही. मागच्या महिन्यात तिचे एक बोट काढावे लागले. दुसरे काळे पडू लागले आहे. ती अर्जदारास म्हणाली, "तू त्याच ऑफिसात आहेस ना? कोण आला होता मोजायला ते शोध की रे. पाइप फुटला तो दिवस सोडला तर मी रोज तिथंच होते. मी त्याला दिसले कशी नाही?" अर्जदार 'बघतो' म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटते.

५. तरी विनंती की, फेरमोजणी होईपर्यंत पाळी सुरू करावी. मोजणीस दुसरा माणूस पाठवावा. प्रशस्तिपत्र परत घ्यावे व अर्जदारावर कारवाई करावी. कारवाई पुराव्याअभावी शक्य नसल्यास निदान पाळी तरी सुरू करावी.

आपला नम्र व दोषी,
(सही)
सर्वेक्षण सहायक
दिनांक : १९ नोव्हेंबर

सोबत : १. नोंदवहीची प्रत. २. प्रशस्तिपत्र, मूळ. ३. तिन्ही पेने.

प्रत माहितीसाठी : अर्जदाराची मावशी. (तिला वाचता येत नाही. अर्जदार आज स्वतः वाचून दाखवील.)