मशीन सुरू होईपर्यंत फाटक बंद

३० मे
कालच्या वादळात कडुनिंबाची फांदी बरोबर फाटकात आडवी पडली. फांदी कसली, माझ्या मांडीपेक्षा जाड. स्कूटर आत, जग बाहेर. देवकी म्हणाली, बळीरामले बोलवा. बळीराम म्हणजे कॉलनीतली झाडं कापणारा. खांद्यावर कुऱ्हाड, जिभेवर सल्ला. मी नाही म्हटलं. कोराडीच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. इंजिनियर लोकांना हजारो सुटे भाग काढून दिले, स्वतः एक नट फिरवला नाही. फिरवूच दिला नाही कुणी. आता मी कुणाला विचारणार नाही.

१ जून
भंगारवाल्याकडून जुनी चेनसॉ आणली. झाड कापायची पेट्रोलवरची मशीन. परदेशी, माझ्या नोकरीपेक्षा वयाने मोठी. तो म्हणाला, चालत नाही. म्हटलं, तुझ्याकडे चालत नसेल.
देवकी म्हणाली, घरात एक रिटायर होता न, दुसरा काहून आणला.
संकल्प: १५ जूनपर्यंत मशीन दुरुस्त. त्याच मशीनने फांदी कापणार.

२ जून
बुटीबोरीहून मुलीचा, उत्तराचा फोन. नातीशी बोललो. नूपुर सात वर्षांची झाली, तरी तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या बैलांच्या मिरवणुकीत, प्लास्टिकचाच बैल ओढते. म्हटलं, या वर्षी आजोबा स्वतःच्या मशीनने कापलेल्या लाकडाचा बैल देणार. तिने विचारलं, नक्की? म्हटलं, कोराडीत कुणालाही विचार. बाजारातून बैल आणायचा नाही, असं मायलेकींना बजावलं.

९ जून
मशीन पूर्ण उघडली. एकशे सत्तावीस भाग. प्रत्येकाला नंबर, प्रत्येक नंबराचं कार्ड, स्टोअरमध्ये असायचं तसंच. लोणच्याच्या बरण्या आणि मिसळणाचा डबा ताब्यात घेतला. आज वरणाला फोडणी नव्हती, कारण मोहरीच्या वाटीत सहा स्प्रिंगा आहेत. मोठ्या कामात त्याग करावा लागतो. देवकीने केला.

१५ जून
मशीन आज सुरू व्हायची होती. कार्डं नऊच झाली. घाई करणारे मशीनची वाट लावतात, मी त्यातला नाही. नवी तारीख १५ जुलै.

२८ जून
देवकीने फांदीच्या अल्याड पाट आणि पल्याड स्टूल ठेवलं. चढा, उतरा, जा. म्हणजे अडचण अशी काही उरलेलीच नाही.
शेजारचे मनोहरराव सकाळी फांदीवर बसून पेपर वाचतात आणि रोज विचारतात, झाली का काकाजी. आज त्यांना घासूनपुसून लख्ख केलेला कार्बोरेटर दाखवला. म्हणाले, छान आहे, बाथरूममंधी लावून राहिले का. या माणसाशी तांत्रिक बोलणं बंद.

१६ जुलै
कार्डं संपली. आता जोडणी. पण मागणीपत्राशिवाय स्टोअरमधून भाग हलत नाही, हा नियम. मागणारा मी, मंजूर करणारा मी. आज एक मागणीपत्र परत पाठवावं लागलं. तारीख नव्हती. स्वतःचा थोडा राग आला, पण नियम सर्वांना सारखा.

३ ऑगस्ट
बळीराम आला. कुणी बोलावलं, विचारलं. देवकी मान खाली घालून भाजी निवडत राहिली. त्याने मशीन उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, काकाजी, पेट्रोलमंधी ऑइल मिसळा लागते, नाही त इंजिन जाम होऊन जाते. शांतपणे समजावलं की पेट्रोल ही एक वस्तू, ऑइल ही दुसरी. दोन्ही एका डब्यात ओतणं म्हणजे भेसळ. बत्तीस वर्षांत ऑडिटवाल्यांना माझ्या स्टोअरमध्ये असा एक थेंब सापडला नाही. शिवाय ऑइलसाठी मशीनवर वेगळी टाकी दिलेलीच आहे. म्हणाला, ते साखळीसाठी हाय, इंजिनाले त्याचा थेंब भेटत नाही. त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. मग शेवटचा स्क्रू. एकूण भाग एकशे सत्तावीस, जोडलेले एकशे सत्तावीस, शिल्लक शून्य. खरं सांगतो, डोळे भरून आले. काल दिलेला नारिंगी रंगही वाळला. चालवून पाहिली नाही. आज सुट्टी.

२० ऑगस्ट
उत्तरा आणि नूपुर आल्या. नूपुर फांदीवर चढून तिथेच बसली. माझा बैल कुठाय, म्हणाली. म्हटलं, तू त्याच्यावरच बसली आहेस, उद्या बाहेर काढतो. तिने दुपारभर खपून फांदीवर खडूने बैल आखला. शिंगं जरा मोठी आली आहेत.

२१ ऑगस्ट, सकाळी १०
पेट्रोल शुद्ध. ऑइल त्याच्या टाकीत. अर्धी कॉलनी फाटकाबाहेर. मनोहरराव घरून खुर्ची घेऊन आले, कारण त्यांची बसायची जागा आज कापली जाणार होती. दोरी अकरा वेळा ओढली. बाराव्यांदा मशीन सुरू झाली. पुन्हा लिहितो, सुरू झाली.

१०.१०
चाळीस सेकंद चालली. फांदीत बोटभर उतरली, किंचाळली आणि थांबली. आता दोरी ओढली तर दोरी येत नाही, मीच दोरीकडे जातो. बळीराम गर्दीत मागे उभा होता. एक शब्द बोलला नाही. हे त्याने मुद्दाम केलं.

दुपारी ३
इंजिन जाम झालं, असं काही लोकांचं म्हणणं आहे. माझ्या मते मशीन विश्रांती घेत आहे. इतक्या वर्षांनी उठली होती. आणि चाळीस सेकंद ज्यांनी ऐकली त्यांनी ऐकली, ते कुणी नाकारू शकत नाही.

२२ ऑगस्ट, पोळा
देवकीने मला विचारलं नाही. बळीरामने कुऱ्हाडीने वीस मिनिटांत फांदी तोडून बाजूला रचली. फाटक पूर्ण उघडलं. तीन महिन्यांनी स्कूटर बाहेर निघाली, तिच्यावरून उत्तरा नूपुरला घेऊन बाजारात गेली. दोघी हात हलवत परत आल्या. नूपुरने बैल घेऊ दिला नाही. आजोबांनी बाजारचा आणायचा नाही सांगितलंय, म्हणाली. बळीरामला विचारलं, उद्यापर्यंत कोरून होईल का. मी विचारलं, स्वतः. म्हणाला, चार दिवस तरी लागतील, काकाजी.
नूपुर मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. फार वाईट वाटलं.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
सकाळी नूपुर मशीनसमोर मांडी घालून बसली होती. आजोबा, याला दोन मुठी आहेत, म्हणजे शिंगं, म्हणाली. मी साखळी काढून घेतली, पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. मागणीपत्र भरायचं राहिलं. बळीरामने फळीला चार चाकं ठोकून दिली. देवकीने जुन्या पैठणीची झूल शिवली, उत्तराने बेगड आणि घुंगरं बांधली. मला कुणी काम सांगितलं नाही, तेव्हा मी दोरी धरून उभा राहिलो.

संध्याकाळी ७
मैदानात चाळीसेक लाकडी बैल आणि एक नारिंगी. माईकवरच्या बाईंनी विचारलं, बेटा, हा कोणत्या जातीचा. नूपुर ठणकावून म्हणाली, परदेशी आहे, काम नाही करत, पण माझ्या आजोबांनी याचे एकशे सत्तावीस भाग मोजलेत. सगळे हसले. कौतुकाने हसले, असं माझं मत आहे. मनोहरराव जरा जास्तच कौतुक करत होते.

बक्षीस मिळालं. पहिलं नाही, दुसरंही नाही. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विभागात उत्तेजनार्थ. त्या विभागात आणखी कुणी नव्हतं. टाकाऊ या शब्दाबद्दल मंडळाला उद्या कडक पत्र जाईल.

रात्री ८
पत्राचा कागद काढला होता. तेवढ्यात नूपुर सांगून गेली की ती बैल बुटीबोरीला नेणार आहे, आणि दारात त्याला चारा ठेवायला आजीकडून वाटी मागून घेतली. मोहरीचीच. कागद परत ठेवला आणि कार्ड काढलं.

वस्तू: चेनसॉ, एक नग. कुणाला दिली: नूपुर. कशासाठी: बैल. परत येणार: नाही. मागणीपत्र: नाही.

तरी सही केली.