डाव्या हाताने ओतलेली बिअर

शिलाले गावची रहिवासी मी, आल्दोना शिम्कुविएने, वय ७८. गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे परवाच लिहून दिले. कोणाच्या दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र करीत आहे. आधीचे रागाच्या भरात लिहिले होते, ते रद्द समजावे.

१. घर, परसबाग व मधमाश्यांच्या सात पेट्या मुलगा केस्तुतिस यास. मी गेल्याची बातमी त्याने आमच्या रीतीप्रमाणे पेट्यांवर टकटक करून माश्यांना स्वतः सांगावी. शेजाऱ्यांना फोन करून त्यांच्याकडून उरकून घेऊ नये, ती त्याची जुनी खोड आहे.

२. माझा पांढरा झगा माझ्याबरोबर जाळावा. तो घालून एकतीस वर्षे मी आमच्या मंडळाचा अग्नी पेटवला. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीचा, बुडालेला जुना धर्म आम्ही पुस्तकांतून वेचून उभा केला होता. मंडळातल्या तरुण युर्गिताला गाणी मीच शिकवली. ती विल्नियसला शिकून आली आणि भर सभेत म्हणाली, "मावशी, राग मानू नका, पण हे झगे जुन्या धर्मातले नाहीत, शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रकारांच्या कल्पनेतले आहेत. खरं तर घरची बाईच देवांना बिअर ओतायची, कामाच्या कपड्यांत."

"मग एप्रन बांधून देवांपुढे उभी राहू?"

"राहा की! देवांनी एप्रन पाहिलेत."

सगळे हसले. पुढच्या सणाला सगळे तिच्या मागे उभे होते. माझा जळफळाट झाला, आजही होतो. लपवत नाही.

३. तीन वर्षांपूर्वी तिला गावोगावच्या जुन्या रीती टिपलेली १९५७ सालची एक वही सापडली. तीत कोणी एक विधवा सांगते: बिअर आधी जमिनीला, मग अग्नीला, डाव्या हाताने. तेव्हापासून मंडळ डाव्या हाताने ओतते. डावी बाजू मृतांची, असा लेखही युर्गिताने लिहिला.

ती विधवा माझी आई, पेत्रोनेले. वही लिहिणारा आला तेव्हा मी अकरा वर्षांची, चुलीपाशी बसले होते. आईचा उजवा हात गवत कापायच्या यंत्रात गेला होता. त्याने ते लिहिले नाही, आईने सांगितले नाही. मोठेपणी मला तिची रीत गावंढळ वाटली. मी झगा शिवला. युर्गिताची चूक मला पहिल्या दिवशीच कळली, आणि तीन वर्षे मी मनातल्या मनात हसले.

गेल्या शरदात मात्र तिने डाव्या हाताने बिअरचा जग उचलला, धार वाकडी गेली, परकर भिजला. हुबेहूब आई. मी टाकून दिलेली आई हिला कागदात सापडावी, याचा इतका मत्सर वाटला की मी रडले.

४. आईचा बिअर ओतायचा जग युर्गिताला. माझा अंत्यविधी तिनेच करावा. हे वाचून ती शहाणी उजव्या हाताने ओतू लागेल. तिला थांबवावे. पुढे काय करायचे ते करा, माझ्या अग्नीपुरते डाव्या हातानेच ओता. तिच्या हातून का होईना, मला माझी आई हवी आहे.

सही: आल्दोना शिम्कुविएने
साक्षीदार: वात्स्लोवास गेद्विलास (शेजारी), झिता नोर्कुते (परिचारिका). आमच्यासमक्ष सही केली.
शिलाले, ९ ऑक्टोबर २०२४