कपाट, मी आणि सतरा घरं

३ मार्च
सकाळी जमीन हलली. तीन सेकंद. एक कप फुटला, तेवढंच. ताबडतोब जिन्यात भाषण दिलं: अवजड सामान भिंतीला बांधा! कोणी हललं नाही. मठ्ठ लेकाचे. बायको म्हणते, आधी आपल्या चिमीच्या उशाशी आहे ते लोखंडी कपाट बांधा, सुतार वीस मिनिटांत करून जाईल. सुतार? मी जिवंत असताना? रविवारी करतोच.

८ मार्च, रविवार
नवं ड्रिल. पहिल्याच भोकात भिंतीतला पाइप फुटला. फवारा थेट तोंडावर. संतापून ड्रिल आपटलं, ते माझ्याच अंगठ्यावर. खालचे मास्तर छत गळतंय म्हणून भांडायला आले. मी कॉलर धरली. त्यांनी कानाखाली जाळ काढला. शिकलेला माणूस, पण विज्ञानाचा गंध नाही.

१५ मार्च
कान अजून वाजतोय, म्हणून कपाट राहिलं. दुसरं भाषण मात्र दिलं. श्रोते पाच. पैकी तिघं लिफ्टची वाट बघत होते.

२१ मार्च
बायकोचा हुकूम: स्क्रू लागेपर्यंत चिमी तिच्याजवळ झोपेल, कपाटाखाली मी. हसलो. तीस वर्षं उभं आहे, मला बघून पडणार आहे होय?

२९ मार्च, रविवार, दुपारी १:४०
ड्रिल सापडलं. जेवण जड झालंय. पाच मिनिटं पडतो, मग भोकं.

४ एप्रिल, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. त्या रविवारी डोळा लागला तोच जमीन पुन्हा हलली, घराला कोणीतरी गचांडी धरून हलवावं तशी. कपाट सरळ अंगावर. मांडीचं हाड, उजवा हात, तीन बरगड्या. कपाटाच्या आरशाची काच गालात. उशी रक्ताने भिजली. मी गुरासारखा ओरडत होतो. मास्तर धावत वर आले, एकट्याने कपाट उचललं. चिमी दारात उभी. उशी तिचीच होती, फुलाफुलांची. तिथे ती असती तर... मेलो असतो मी. बायकोला अजून हे बोललेलो नाही.

१२ एप्रिल
घरी आलो. सुतार येऊन गेला. अठरा मिनिटं! स्क्रू तसे बरे मारलेत, मी असतो तर जरा तिरके मारले असते.
माझ्या दोन भाषणांनी बिल्डिंगमध्ये एक खिळा ठोकला गेला नाही. आता लोक बघायला येतात, प्लास्टर बघतात, गालाचे टाके बघतात आणि जिन्यातच सुताराला फोन लावतात. सतरा घरं झाली.
संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. उरलेल्या अकरा घरांसाठी रोज तासभर लिफ्टपाशी बसाल का, व्हीलचेअर आम्ही देतो, म्हणाले. शेवटी कदर झाली! मी लगेच तिसऱ्या भाषणाचे मुद्दे सांगायला घेतले.
ते म्हणाले, बोलायचं नाही. नुसतं बसायचं.