आबांची बिनकुलपाची सायकल

४ मे, रविवार

आबांना आणलं एकदाचं धुळ्याला! पहिली गाडी चुकली, माझ्यामुळेच. जळगाव स्टँडवर एक जण पत्त्यांचे हातचलाखीचे खेळ दाखवत होता, मी बघत राहिलो. आबा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. ते रागावत नाहीत तेव्हा जास्त लागतं.

आबा म्हणजे आईचे वडील. आजी गेल्यापासून असोद्याच्या घरात एकटे. केळीचा मळा दुसऱ्याला कसायला देऊन टाकला. योगराजमामा म्हणतो, आता इकडेच राहा, देवपुरात आमच्याजवळ. आबांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गाडीत पारोळ्याच्या पुढे अचानक म्हणाले, ‘‘महिनाभर पाह्यतो. नातवंडं जवळ आली त राह्यीन. नही त आपलं घर आहेच.’’

मीही नातवंडच की! पण माझी गणती नाही. चटईच्या कारखान्यातलं काम सोडून मामाकडे येऊन पडलोय. धरणगावला घरी जायला तोंड नाही. मामी दोन्ही वेळा वाढते, विचारत काही नाही. बारावी दोनदा दिली, पुढे काय ते सुचत नाही. सुचलं तरी दोन दिवस टिकत नाही.

६ मे, मंगळवार

ऊन असं की गॅलरीची जाळी धरवत नाही. आबा तरी तिथेच बसतात. घरात बसायला जागा आहे, पण ती बाकीच्यांची आहे.

मामाचा मुलगा नवीन सकाळी क्लासला, दुपारी क्लासला, मधल्या वेळात मोबाइल. आठवी संपली नाही तोच डॉक्टर व्हायची तयारी! आबा त्याच्या खोलीच्या दारात उभे राहतात. ‘‘काय पाह्यतो रे?’’ ‘‘काही नाही आबा.’’ झालं. आजचं बोलणं संपलं.

रात्री जेवताना आबा म्हणाले, मले एक जुनी सायकल घेऊन द्या. असंच, फिरायले. नवीनले मांगे बसवीन, नदीवर जाऊन येऊ.

मामी: ‘‘आबा, इथे डंपर येतात हो.’’

मामा: ‘‘या वयात?’’

आबा: ‘‘वय सायकलचं विचारतो का माझं?’’

नवीनची बहीण मयुरी म्हणाली, चेलनाच्या दादाची पडून आहे, तो पुण्याला गेला ना शिकायला. मामी म्हणाली, तू जेव.

(चेलना मयुरीच्या वर्गात आहे. मागच्याच कॉलनीत घर.)

८ मे, गुरुवार

सायकल घेतली! चेलनाच्या आजोबांकडून — रिखबचंदजी, आग्रा रोडला कापडाचं दुकान आहे त्यांचं. नातवाची, अर्हमची सायकल पोर्चमध्ये धूळ खात उभी होती.

आबांनी ती बैल बघतात तशी पाहिली. आधी लांबून. मग पुढून, मागून. सीटवर थाप मारली. चाक उचलून फिरवलं आणि कान लावला. दात पाहायचे तेवढे राहिले. रिखबचंदजी हसायला लागले. ‘‘आबासाहेब, लाथ नाही मारत हो ती!’’

सौदा चहा निवायच्या आत झाला. सुगनबाई, म्हणजे चेलनाची आजी, कुलूप-साखळी घेऊन आल्या. चावी लटकत होती. ‘‘हे पण घ्या बापूजी, याचं वेगळं काही नाही.’’

आबा दोन पावलं मागे! हात मागे बांधले.

‘‘दावं देत नसतात, माय. जनावर द्यावं, दावं आपल्या दारी ठेवावं. दावं गेलं की दाराची बरकत जाते. घेनाऱ्यानं आपलं आनावं.’’

‘‘अहो, सायकल आहे ही,’’ मी म्हटलं.

‘‘मग? बांधत नही का तिले?’’

रिखबचंदजी गंभीर झाले. म्हणाले, बरोबर आहे, आमच्या वडिलांनी गाय दिली तेव्हा दोर ठेवून घेतला होता. सुगनबाईंनी कुलूप परत खिळ्याला टांगलं. माझ्याशिवाय कोणालाच हसू आलं नाही.

येताना आबांनी सायकल हातात धरून आणली. मयुरी त्या उन्हात मागच्या चाकाला हात लावून चालत आली. नवीनने गॅलरीतून पाहिलं. ‘‘गिअर नाहीत?’’ आणि आत गेला.

आबा मला म्हणाले, नवं कुलूप आणजो. आणतो म्हटलं.

९ मे, शुक्रवार

चौकात चिंधाचं पंक्चरचं दुकान आहे. तिथे मागे कॅरेज बसवून घेतलं. चिंधाने विचारलं, ‘‘कोनासाठे आबा?’’ ‘‘नातवासाठी.’’ ‘‘मंग गादी लाई देसू.’’ लाल रेक्झिनची गादी. आबांनी तिच्यावर हात फिरवला, मग टॉवेलने पुसली. नवीच होती, तरी पुसली.

कुलूप आणायचं राहिलं. चिंधाकडे एक जुना रेडिओ उघडून ठेवलेला होता, त्यात वेळ गेला.

१२ मे, सोमवार

आबा उजाडताच जातात. पांझरेच्या पुलापर्यंत, परत. पहिल्या दिवशी पाय टेकत टेकत, आता घंटी वाजवत! पण येताना मागची गादी रिकामी. रोज निघताना नवीनच्या दारावर टकटक.

‘‘चालतो का रे?’’

‘‘उद्या, आबा.’’

रोज उद्या.

सायकल खाली जिन्याजवळ उभी असते. आज आबा वर येऊन म्हणाले, सीट खाली गेली रे, गुडघे छातीले लागतात. नट सैल असेल. मी पान्याने वर करून दिली.

मयुरी मध्येच विचारत होती, आबा, उतारावर आधी मागचा ब्रेक दाबायचा ना? आबा म्हणाले, मागचा. नवीनले सांगून ठेव.

१४ मे, बुधवार

सीट पुन्हा खाली! आबा तणतणत चिंधाकडे. मी मागे. आबा: ‘‘कसा नट आवळतो रे तू?’’ चिंधाही तापला. ‘‘आबा, नट मी आवळेल शे. सीट काय आपसूक उतरस का?’’ भांडण बघायला चार माणसं जमली. शेवटी चिंधाने दुसरा नट टाकला.

घरी येताना आबा म्हणाले, ‘‘नवीन घाबरत असेल का रे मांगे बसाले?’’

घाबरत नाही आबा, त्याला नकोच आहे! मनात म्हटलं. तोंडाने ‘असेल’ म्हटलं.

१५ मे, गुरुवार

आज कुलूप आणायचंच. पैसे खिशात आहेत. निघालो.

१७ मे, शनिवार

कुठून लिहू.

परवा कुलूप आणायला निघालो, चौकात तोताराम भेटला, पिकअप घेऊन. कारखान्यातली ओळख. म्हणाला, पिंपळनेरला कांदा भरायला चाललोय, येतो का, रात्री परत. साक्रीच्या पुढे डोंगर दिसायला लागले आणि मला बरं वाटायला लागलं. नेहमी असंच, गाव मागे पडलं की बरं वाटतं. तिथे कांदा तयार नव्हता. रात्र गाडीतच काढली. काल रात्री उशिरा परतलो, घरी गेलो नाही, तोतारामच्या खोलीवर झोपलो.

सकाळी घरी आलो तर आबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. सायकलची जागा मोकळी. काल दुपारी सगळे झोपलेले असताना गेली.

‘‘कुलूप आनलं?’’ आबांनी विचारलं.

चिडून नाही. खरंच विचारलं.

१८ मे, रविवार

सकाळपासून शोध. मामाने कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. सोळा अंगठे आले, सायकल नाही. चिंधा म्हणाला, ‘‘मी नही देखी भाऊ. भंगारवाल्याकडे देखी ये.’’ दोन भंगारवाले पाहिले. तिसऱ्याकडे जाताना एका लग्नाची वरात लागली, तिथे थांबलो. मग स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी आबा म्हणाले, शेठच्या घरी जाऊ. विकलेलं जनावर सुटलं की जुन्या दारी जातं. मामा वैतागला. ‘‘आबा, सायकलला काय घर आठवतं?’’ तरी मी गेलो त्यांच्याबरोबर. दुसरं काय येतं मला.

पोर्च मोकळा होता. रिखबचंदजींना वाईट वाटलं. ‘‘सुटी नव्हती ना ठेवली?’’ आबांनी मान खाली घातली. चेलना दारात आली, आम्हाला पाहून आत पळाली. सुगनबाईंनी खिळ्यावरचं कुलूप काढून आबांच्या हातात ठेवलं, म्हणाल्या, आता तरी घ्या, दुसरी घ्याल तेव्हा होईल.

आबांनी ते परत दिलं. ‘‘जनावरच नही, माय. दाव्याले काय करू.’’

२० मे, मंगळवार

ऊन. कूलरचा आवाज.

२२ मे, गुरुवार

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामी नुसती म्हणते, जाऊ द्या, आबा पडले नाहीत हेच खूप. तिच्या आवाजात सुटका आहे. तिचंही चूक नाही, तिच्या माहेरचा कोणीतरी डंपरखाली गेलाय.

आबा पुन्हा गॅलरीत. नवीनच्या दारावर टकटक बंद. मला वाटलं होतं, निदान आता नवीन विचारेल. त्याने विचारलं — आबा, वायफाय स्लो झालंय का तुमच्याकडे? आबांनी ‘नही’ म्हटलं. त्यांना काय कळलं कोण जाणे.

मयुरी या उन्हात जीन्स घालून बसते. मामी ओरडली, अगं घामोळं येईल. तर म्हणे थंडी वाजते! ताप पाहिला, नाही.

रात्री आबा म्हणाले, ‘‘रविवारी मले गाडीत बसवून दे.’’

‘‘महिना कुठे झाला?’’

‘‘झालं पाहून.’’

मी म्हटलं, आबा, मी आहे ना. ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘तू त माझ्यासारखाच रे बापा, गॅलरीतला.’’

रडू आलं नाही. यायला पाहिजे होतं.

२५ मे, रविवार

बसवून दिलं. मामा कामात, नवीनची टेस्ट. मयुरी यायला निघाली होती, जिन्यातून परत फिरली, पोट दुखतं म्हणे. आबांनी खाली जिन्याजवळच्या मोकळ्या जागेकडे एकदा पाहिलं.

स्टँडवर कोणी खेळ दाखवत होता का, माहीत नाही. मी पाहिलं नाही.

आबांना खिडकी मिळाली. गाडी हलल्यावर मी हात केला, पण ते समोर बघत होते. आता ते असोद्याला उतरतील, कुलूप काढतील, आत जातील. दिवा लावतील की नाही, कोण पाहणार.

तोताराम म्हणतो सुरतला चल. जाईन. इथे राहून मी काय करणार आहे — दुसऱ्या कोणाचं कुलूप विसरणार.

२६ मे, सोमवार

पिशवी भरत होतो. दुपारी बेल. चेलना! घाबरलेली. ‘‘दादा, मयुरी आमच्याकडे आहे, रडतेय. तुम्हीच चला. तुमच्या मामींना नका सांगू.’’

तिच्या घरी गेलो. ती मला पोर्चमधून नाही, बाजूच्या बोळातून मागे घेऊन गेली. धुणं धुवायची जागा. जुन्या कूलरवर ताडपत्री टाकलेली. तिने ताडपत्री ओढली.

सायकल! पुढचं चाक वाकून पार पापड झालेलं. मागे लाल गादी, शाबूत. आणि सीट पार खाली, नळीला टेकलेली.

मयुरी नळाजवळ बसली होती. जीन्स वर केली. दोन्ही गुडघे सोलवटलेले, खपल्या धरलेल्या.

म्हणाली, सगळे झोपले की मी रोज घ्यायची. चेलना मागून धरायची. आधी चार दिवस नुसतीच पडत होते. मग यायला लागलं. त्या दिवशी उतारावर पुढचा ब्रेक दाबला गेला. आई मारेल म्हणून इथे आणली. मग तुम्ही सगळे शोधायला लागलात, मग सांगताच येईना. आबा इथे आले तेव्हा मी या ताडपत्रीच्या मागेच होते.

‘‘अगं, आबा गेले काल! त्यांना सांगितलं का नाहीस, तुला शिकायचंय म्हणून?’’

‘‘ते नवीनलाच विचारायचे.’’

येताना माझ्याही डोक्यात ती आजारी असेल एवढंच होतं, तिचा आणि सायकलचा संबंध मलाही कधी सुचला नव्हता.

‘‘येते का पण तुला आता?’’

नाक पुसलं. ‘‘येते. वळवताना पाय टेकावा लागतो.’’

पिशवी तशीच आहे. चाक खांद्यावर टाकून चिंधाकडे दिलं.

२७ मे, मंगळवार

सकाळी आबांना फोन केला. सगळं सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘सीट किती खाली व्हती?’’

‘‘पार खाली, आबा. आज वर करून घेतो.’’

‘‘नको करू. तशीच राहू दे तिले. मी मांगे बसीन.’’